वेस्ली ट्रॅम्बल सगळ्यांशीच कसा जुळला

ॲलकॉट फॉल्समध्ये क्लोडेट पेलकीला कोणी पत्रकार वगैरे म्हणत नसे. लोक म्हणत, "पेपरवाली क्लोडेट". गावातली कागदगिरणी बंद पडली तेव्हा फाटकाशी उभं राहून ती बातमी तिनंच लिहिली होती, आणि त्या दिवशी डबा घेऊन घरी परतलेल्यांत तिचा नवराही होता. पुढे नवरा गेला, मुलगी लग्न होऊन दूर गेली, गावातली निम्मी दुकानं मिटली. क्लोडेट मात्र 'मेसेंजर' या गावच्या पेपरच्या कचेरीत खिडकीजवळच्या त्याच टेबलाशी राहिली. शाळा समितीच्या बैठका, न उपसलेल्या बर्फाच्या तक्रारी, हरवलेली कुत्री, मयताच्या बातम्या, सगळं तिच्याकडे. साठीला टेकलेली बाई, गुडघे दुखरे आणि जीभ तिखट.

या कामात तिचा जीव खरा रमायचा तो दर चार वर्षांनी येणाऱ्या प्रायमरीत. राष्ट्राध्यक्षपदासाठी पक्षानं कोणाला उभं करायचं, याचं मतदान न्यू हॅम्पशरमध्ये सगळ्यांच्या आधी. त्यामुळे एरवी ज्यांना ॲलकॉट फॉल्स नकाशावर सापडलं नसतं अशी मोठी माणसं जानेवारीच्या थंडीत तिथे येऊन हात मिळवत हिंडायची. 'मेसेंजर'च्या मागच्या खोलीत क्लोडेट एकेकाला तासभर बसवून घेई. गोड बोलून निसटू पाहणाऱ्याला ती तोच प्रश्न दुसऱ्यांदा विचारी, मग तिसऱ्यांदा. एक सिनेटर तर कोट न घालताच रागानं बाहेर पडला होता आणि त्याचा कोट पोचवायला माणूस धाडावा लागला होता. हा किस्सा ती सणावारी जेवणाच्या टेबलावर हमखास सांगायची.

या खेपेला ड्वाइट सॅनबर्न म्हणाला, "मुलाखती राहू द्या. आपण क्विझ करू."

ड्वाइट हा मालक. त्याचे वडील पेपर चालवत होते तेव्हा तो शाळा सुटल्यावर कचेरीत येऊन क्लोडेटच्या टेबलाखाली गाड्या खेळायचा. आता त्याच्या हाताखाली चार माणसं उरली होती, आणि त्यातली एक तर अर्धाच दिवस येई.

"कसली क्विझ?" क्लोडेटनं विचारलं.

"ऑनलाइन. वाचकानं बावीस प्रश्नांची उत्तरं द्यायची. सहमत, थोडा सहमत, मधला, थोडा असहमत, असहमत. उमेदवारांचीही उत्तरं आपल्याकडे असणार. शेवटी दिसतं, तुमचं कोणाशी किती टक्के जुळतं. लोकांना असलं फार आवडतं."

"लोकांना पत्रिका जुळवणारेही आवडतात. म्हणून आपण ते छापतो का?"

"छापतो की," ड्वाइट म्हणाला. "पान आठ. राशिभविष्य."

ते भविष्य पानावर तीच लावायची.

प्रश्न ठरवण्यावरून पुढचा आठवडा वाद झाला. ड्वाइटला देशभर चालतील असे प्रश्न हवे होते. क्लोडेटला गावाचे. गावातल्या छोट्या हॉस्पिटलातला बाळंतपणाचा विभाग बंद करायचं घाटत होतं; तो गेला असता तर पोटुशीला कळा येत असताना घाटातून दुसऱ्या गावी न्यावं लागणार होतं, तेही बर्फात. क्लोडेट हटूनच बसली आणि तो प्रश्न तिनं घालायला लावला: 'लहान गावांतले प्रसूती विभाग सुरू ठेवण्यासाठी केंद्र सरकारनं मदत द्यावी.' बाकी एकवीस ड्वाइटच्या मनासारखे.

उमेदवार सात होते. प्रश्नावली सगळ्यांच्या प्रचार कचेऱ्यांना गेली. सिनेटर जोॲन ऑस्टरमनच्या कचेरीनं दोन दिवसांत सगळी उत्तरं धाडली, एकेका ओळीची. बाळंतपणाच्या प्रश्नावर लिहिलं होतं, 'असहमत. ही राज्याची जबाबदारी आहे.' ते वाचून क्लोडेटच्या अंगाचा तिळपापड झाला, पण उत्तर तर मिळालं. कोणी चार दिवसांनी पाठवली, कोणी आठ. राहिला दुसऱ्या एका राज्याचा गव्हर्नर वेस्ली ट्रॅम्बल. चांदीसारखे केस, खोल आवाज, आणि ज्याच्याशी बोलेल त्याच्या खांद्यावर हात.

ट्रॅम्बलची उत्तरं आली तेव्हा ती लांबलचक होती. प्रत्येकाला सात-आठ ओळी. क्लोडेटनं चष्मा पुसून पुन्हा वाचली आणि फोन उचलला. पलीकडे त्याच्या प्रचाराची मेरेडिथ नावाची बाई असायची, कायम घाईत.

"मेरेडिथ, बाळंतपणाच्या प्रश्नावर तुम्ही लिहिलंय, 'प्रत्येक आईचं म्हणणं ऐकून घेतलं गेलं पाहिजे असं गव्हर्नरसाहेब मानतात.' याचा अर्थ सहमत का असहमत?"

"याचा अर्थ ते ऐकून घेतात."

"ऐकून घेतल्यावर काय करतात?"

"त्याबद्दल ते वेळ येईल तेव्हा सविस्तर बोलतील."

"बाई, मला पाच चौकटींतली एक भरायची आहे."

"आमचं उत्तर तुमच्याकडे लेखी आहे ना? मग झालं तर." आणि फोन बंद.

बावीसपैकी तीन उत्तरं तेवढी स्पष्ट होती. म्हाताऱ्यांची पेन्शन कापू नये, सैनिकांना मान द्यावा, मुलांना वाचता यावं. उरलेल्या एकोणीस प्रश्नांवर गव्हर्नरसाहेब ऐकून घेत होते, विचार करत होते, सगळ्यांना एका टेबलाशी बसवणार होते. क्लोडेटनं टॉडला फोन लावला. टॉड हा क्विझ बनवून देणाऱ्या कंपनीचा माणूस, बोस्टनहून काम करायचा, आणि बोलताना त्याच्या मागे नेहमी कॉफीचं यंत्र घरघरत असे.

"टॉड, या माणसानं उत्तरंच दिलेली नाहीत. त्याच्या चौकटी रिकाम्या ठेव."

"रिकाम्या नाही ठेवता येत. आमच्या साच्यात प्रत्येक चौकटीत आकडा लागतो."

"मग काय करू?"

"मधला टाका. सगळीकडे तेच करतात."

क्लोडेटनं एकोणीस वेळा मधला टाकला. टाकताना मनाला काहीतरी टोचलं, पण दुपारी शाळा समितीची बैठक होती आणि मयताच्या दोन बातम्या राहिल्या होत्या.

क्विझ सोमवारी सुरू झाली आणि बुधवारपर्यंत गावात दुसरा विषय नव्हता. क्लोडेट सकाळी डॉटीच्या खानावळीत कॉफीला गेली तर काउंटरपाशी बसलेल्या सगळ्यांच्या हातात फोन. तिचा धाकटा भाऊ नॉर्म पहाटेपासून रस्त्यांवरचा बर्फ उपसून आला होता आणि समोर पॅनकेकची चळत घेऊन बसला होता.

"क्लो, इकडे ये," तो म्हणाला. "तुझ्या क्विझनं माझं काम केलं बघ. माझा माणूस सापडला. ट्रॅम्बल. चौऱ्याऐंशी टक्के."

"तुझं आणि ट्रॅम्बलचं चौऱ्याऐंशी टक्के?"

"मलाही माहीत नव्हतं. पण क्विझ काय खोटं बोलणार आहे का? तुम्हीच तर बनवलीय."

पलीकडच्या टेबलावरून विनिफ्रेड ऑसगुड बाईंनी मान वर केली. चर्चमध्ये ऑर्गन वाजवणाऱ्या या बाईंचं आणि नॉर्मचं कशातच पटत नसे. वाचनालयाच्या छपरापासून बंदुकांच्या कायद्यापर्यंत दोघं प्रत्येक गावसभेत उभं राहून भांडत, आणि लोक घड्याळ बघत बसत.

"ट्रॅम्बल का?" बाई म्हणाल्या. "कमाल आहे. मलाही तोच आला. एक्क्याऐंशी टक्के."

नॉर्मनं काटा खाली ठेवला. "तुम्हाला माझा माणूस कसा येईल?"

"तुमचा कसा? माझा आहे तो."

खानावळीत हशा पिकला. डॉटीनं कॉफी ओतता ओतता सांगितलं की तिलाही ट्रॅम्बल, तिच्या नवऱ्यालाही ट्रॅम्बल, आणि त्या दोघांचं तर टोमॅटोच्या सूपमध्ये दूध घालायचं का यावरही एकमत नाही. सगळे हसत होते. क्लोडेटच्या हातातली कॉफी तशीच राहिली.

कचेरीत येऊन तिनं दार लावलं आणि स्वतः क्विझ सोडवायला बसली. आधी नॉर्मच्या डोक्यानं, मग ऑसगुड बाईंच्या. मग डोळे मिटून हाताला येईल ते दाबून. ट्रॅम्बल, ट्रॅम्बल, ट्रॅम्बल. तेव्हा तिच्या ध्यानात आलं की खोलीच्या मधोमध उभा राहिलेला माणूस कुठल्याच भिंतीपासून फार लांब नसतो. बाकीच्या सहा जणांनी आपापली भिंत धरली होती. त्यामुळे ते काहींच्या जवळ होते आणि काहींपासून दूर. साधा माणूस काही गोष्टींत इकडचा असतो, काही गोष्टींत तिकडचा. त्याला त्या सहांपैकी प्रत्येक जण कुठे ना कुठे खटकायचा. जो काहीच बोलला नव्हता तो तेवढा कोणालाच खटकत नव्हता. आणि त्याला मध्ये आणून उभं केलं होतं तिनंच.

ती तशीच ड्वाइटच्या खोलीत गेली आणि सगळं सांगितलं. तो ऐकत होता, पण नजर कॉम्प्युटरच्या पडद्यावर होती. तिथे किती लोकांनी क्विझ सोडवली याचा आकडा पळत होता.

"कळलं," तो म्हणाला. "पण त्यात चूक अशी काय? त्याची मतं मध्यम आहेत."

"त्याची मतंच नाहीत, ड्वाइट. मध्यम मत असणं वेगळं आणि तोंड न उघडणं वेगळं."

"क्लोडेट, पेपरच्या इतिहासात एवढे वाचक आले नाहीत. शेजारच्या राज्यातून लोक येतायत. हार्डवेअरवाल्यानं महिनाभराची जाहिरात दिलीय. आता मी तिथे काय पाटी लावू, 'माफ करा, घोळ झाला'?"

"हो. तशीच पाटी लाव."

"टॉडशी बोलतो," तो म्हणाला. तो अशा सुरात म्हणाला की तिला त्याचे वडील आठवले. त्यांनाही 'नाही' म्हणायचं असलं की ते 'बघतो' म्हणत.

टॉड तीन दिवस फोनवर आला नाही. चौथ्या दिवशी आला तेव्हा म्हणाला की त्याच्या डोक्यावर आणखी दोन राज्यांच्या क्विझ आहेत आणि साचा बदलायचा म्हणजे वरून परवानगी लागते. क्लोडेटनं वरच्यांचा नंबर मागितला. वरच्यांच्या नंबरावर एक गोड आवाज सांगत होता की तुमचा फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. एवढ्यात ट्रॅम्बलच्या प्रचाराची पत्रकं घरोघरी आली. त्यावर ठळक अक्षरांत: 'मेसेंजरच्या क्विझनुसार तुमच्या गावाच्या सर्वांत जवळचा उमेदवार.' एक पत्रक क्लोडेटच्याही दारात पडलं होतं. तिनं ते वाचलं, चुरगाळलं, पुन्हा सरळ केलं आणि ड्वाइटच्या टेबलावर नेऊन ठेवलं. त्यानं ते बघून मान हलवली. "बोलतोय मी टॉडशी," तो म्हणाला.

मग तिनं ठरवलं की जुन्या पद्धतीनं जायचं. ट्रॅम्बलची सभा अग्निशमन केंद्रात होती. बंब बाहेर काढून आत खुर्च्या मांडल्या होत्या आणि गाव लोटलं होतं. नॉर्म दुसऱ्या रांगेत, केस विंचरून. क्लोडेट हात वर करून उभी राहिली ती माइक हातात येईपर्यंत खाली बसलीच नाही.

"गव्हर्नर, मी 'मेसेंजर'ची क्लोडेट पेलकी. आमच्या हॉस्पिटलातला बाळंतपणाचा विभाग बंद होतोय. तो चालू ठेवायला केंद्रानं मदत द्यावी का? मला एका शब्दात उत्तर हवंय. हो किंवा नाही."

ट्रॅम्बल व्यासपीठावरून खाली उतरला. चालत तिच्यापर्यंत आला आणि त्यानं तिचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"क्लोडेट," तो म्हणाला, "माझी आजी दाई होती. कंदील घेऊन घोड्यावरून जायची. तिनं मला एक शिकवलं, की आईचा आवाज सगळ्यांत आधी ऐकायचा."

"हे 'हो' आहे का?"

"मी तुम्हाला शब्द देतो, क्लोडेट. तुमचा आवाज ऐकला जाईल."

"आवाज माझा नकोय, गव्हर्नर. तुमचा हवाय."

टाळ्यांमध्ये ते कोणाला ऐकू गेलं नाही. पुढच्या रांगेतल्या एका बाईनं तर डोळे पुसले. माइक केव्हाच दुसऱ्याच्या हातात गेला होता.

बाहेर गाड्यांपाशी नॉर्मनं तिला गाठलं. "काय गं, एवढ्या लोकांत त्याची उलटतपासणी घ्यायची काही गरज होती का?"

"त्यानं उत्तर दिलं का, नॉर्म?"

"दिलं की. एवढं छान बोलला."

"काय म्हणाला?"

नॉर्म थोडा वेळ बुटानं बर्फ उकरत राहिला. "म्हणाला... त्याची आजी दाई होती."

"मग आजीला मत दे."

"तुला ना, कोणी चांगला वाटतच नाही," नॉर्म म्हणाला आणि गाडीत जाऊन बसला. त्यानंतर आठवडाभर त्यानं तिच्या दारातला बर्फ उपसला नाही. ती स्वतः फावडं घेऊन उतरली आणि दोन दिवस कंबर धरून बसली.

मतदानाच्या आधीच्या शुक्रवारी टॉडनं एकदाचा बदल केला. का केला ते कळलं नाही. बहुधा दुसऱ्या कुठल्या पेपरानंही आरडाओरडा केला असावा. आता ट्रॅम्बलच्या नावापुढे 'बावीसपैकी तीन प्रश्नांची उत्तरं दिली' असं दिसू लागलं आणि तो सगळ्यांच्याच यादीत तळाला गेला. क्लोडेटला वाटलं, सुटले. पण दुपारपासून कचेरीतला फोन वाजायचा थांबेना.

"काल मला ट्रॅम्बल होता, आज ऑस्टरमन कशी आली?"

"तुम्ही आतून काहीतरी फिरवताय. कोणी सांगितलं फिरवायला?"

"भर सभेत त्याच्यावर डाफरली होती ती बाई तूच ना? मग बरोबर."

क्लोडेट प्रत्येकाला समजावत होती. मधला म्हणजे काय, उत्तर न देणं म्हणजे काय. समोरचा मध्येच तोडून म्हणायचा, "ते असू दे, पण आधी बरोबर होतं का आत्ता बरोबर आहे?" आधी चूक होतं म्हणावं तर पेपर चुकला. आत्ता चूक आहे म्हणावं तर ती खोटारडी. तिनं सगळं नीट उलगडून एक लेख लिहिला. ड्वाइटनं तो सहाव्या पानावर, गोठलेल्या तळ्यातल्या मासेमारी स्पर्धेच्या खाली लावला. स्पर्धेचा फोटो मोठा होता म्हणून लेखाचे शेवटचे दोन परिच्छेद उडाले. खुलासा नेमका त्याच दोन परिच्छेदांत होता.

मंगळवारी गावसभेच्या इमारतीत मतदान झालं. दाराशी शाळेच्या पालकांनी केक आणि मटण-बटाट्याचे पॅटिस विकायला ठेवले होते. क्लोडेट पडद्यामागे मतपत्रिका घेऊन बराच वेळ उभी राहिली. सात नावं. ज्यांच्याशी तिचं पटायचं त्यांनी प्रचारात इतकं खोटं बोलून ठेवलं होतं की पेन पुढे जाईना. शेवटी तिनं ऑस्टरमनच्या नावापुढचा गोल काळा केला. गावातल्या बाळंतपणाच्या विभागाला जिनं सरळ 'नाही' म्हटलं होतं, तिला. करताना बरं वाटलं नाही आणि बाहेर आल्यावरही नाही. बाहेर ऑसगुड बाई भेटल्या. त्यांनी हळूच सांगितलं, "मी ट्रॅम्बललाच दिलं. क्विझ नंतर बदलली म्हणतात, पण मला आधीची बरी वाटली."

गावात ट्रॅम्बल पहिला आला, चांगल्या फरकानं. क्विझमुळे आला, पत्रकामुळे आला, की खांद्यावरच्या हातामुळे, हे कोणालाच सांगता येत नव्हतं. हेच क्लोडेटला सगळ्यांत जास्त जाचत होतं. चूक किती मोठी होती तेही कळायला मार्ग नव्हता. ड्वाइट म्हणाला, "अहो, लोकांना तो आवडला. तुम्ही उगाच मनाला लावून घेता." राज्यात मात्र ट्रॅम्बल पाचवा आला, आणि गुरुवारी त्यानं माघार घेतली.

बातमीला एक वाक्य हवं म्हणून क्लोडेटनं मेरेडिथला फोन केला. या वेळी पलीकडे घाई नव्हती. मागे सामान बांधल्याचे आवाज येत होते.

"गव्हर्नरसाहेब मतदारांचे आभारी आहेत," मेरेडिथ म्हणाली. "पुढे काय, याचा ते विचार करतायत." मग म्हणाली, "तुम्ही माझ्यावर फार चिडला होता ना?"

"अजून आहे."

"छापू नका, पण आता सांगायला हरकत नाही. तुमची ती प्रश्नावली त्यांनी बघितलीच नव्हती. कुठलीच बघत नसत. मी गाडीत बसून भरायचे."

क्लोडेटनं पेन खाली ठेवलं. "म्हणजे बाळंतपणाचं ते उत्तर तुझं होतं?"

"हो."

"आणि ती आजी?"

"आजी खरी आहे. दाई होती की नाही, मला माहीत नाही."

"हे मला छापू दे, मेरेडिथ."

"नाही," ती म्हणाली. एवढ्या दिवसांत तिच्या तोंडून आलेलं हे पहिलं सरळ उत्तर. "मला उद्यापासून दुसरीकडे नोकरी आहे."

फोन ठेवून क्लोडेटनं खिडकीबाहेर बघितलं. रस्त्यावर दोन माणसं खांबांवरच्या प्रचाराच्या पाट्या उतरवत होती आणि गाडीत फेकत होती. तिनं ट्रॅम्बलच्या माघारीची बातमी लिहिली, पाच ओळींची. ड्वाइटनं वाचून त्यातल्या तीन ठेवल्या आणि तिला विचारलं, शरद ऋतूत राज्याच्या गव्हर्नरची निवडणूक आहे, तेव्हाची क्विझ तीच सांभाळणार ना. टॉडनं आताच विचारलंय.

"उत्तर न देणाऱ्याची चौकट रिकामी राहणार असेल तर," क्लोडेट म्हणाली.

"बघतो," ड्वाइट म्हणाला.